कांगडा: देवी खाली, थंड हवा वर आणि मधे सासूबाईंचे गुडघे

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नाशिकहून सहा जण, तुम्ही दोघं, सासरे ७१ चे, सासूबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मुलं १२ आणि १५ ची. मे महिन्यात रेल्वेचा प्रवास सोडून ८ दिवस हातात आहेत. सासूबाईंना हिमाचलमधल्या कांगड्याच्या देवी करायच्यात, मुलांना पॅराग्लायडिंग, मिस्टरांना नुसती थंड हवा आणि एजंटने जो कागद दिलाय त्यात अमृतसर, डलहौसी, धर्मशाळा, ज्वालाजी, चिंतपूर्णी, मनाली आणि शेवटी वैष्णोदेवी आहे, तर हे जमेल का.

जमेल. पण गाडीतच जमेल. धर्मशाळा ते मनाली सात-आठ तास, तिथून वैष्णोदेवीच्या पायथ्याला, कटऱ्याला, आणखी एक अख्खा दिवस, डलहौसीला जाताना साधारण १२० किलोमीटरला चार-पाच तास, आणि हे सगळं वळणाच्या रस्त्यावर. म्हणजे ८ पैकी ४ दिवस सासूबाई मागच्या सीटवर पाय अवघडून बसणार आणि उतरल्या की समोर देवळाच्या पायऱ्या. मी १७ वर्षं ठाण्याहून या भागात ग्रुप नेतोय, पहिली तीन-चार वर्षं मीही असलेच प्लॅन करायचो, कारण लोकांना नावं जास्त दिसली की पैसे वसूल वाटतात. मनाली आणि वैष्णोदेवी काढून टाका. डलहौसीपण काढा, ते चंबा जिल्ह्यात आहे, छान आहे, पण या ट्रिपचं नाही. चिंतपूर्णी ऊना जिल्ह्यात येते, ती ठेवायची तर दिल्लीमार्गे येणाऱ्यांनी ठेवावी, कारण दिल्लीहून अंब अंदौराला वंदे भारत येते (२०२२ पासून) आणि तिथून चिंतपूर्णी अगदी वाटेत पडते. तुम्ही नुसता कांगडा जिल्हा करा. एका जिल्ह्यात ८ दिवस काय करणार असं मिस्टर विचारतील, त्यांना हे सगळं वाचायला द्या.

आता एक गोष्ट आधी डोक्यात बसवून घ्या, ती कळली की बाकीचा प्लॅन आपोआप होतो. कांगड्यात देवळं खाली आहेत आणि थंड हवा वर. ज्वालामुखी, म्हणजे ज्वालाजीचं गाव, साधारण ६०० मीटरवर, कांगडा गाव सातशेच्या आसपास, म्हणजे आपल्या नाशिकसारखीच उंची, आणि मे महिन्यात उन्हाळाही नाशिकसारखाच, दुपारी फरशी पोळते. धर्मशाळा साधारण १४५० मीटर, तिच्या वरचं मॅक्लोडगंज दोन हजारच्या आसपास. आपलं कळसूबाई १६४६ मीटर आहे, म्हणजे धर्मशाळेचं क्रिकेटचं ग्राउंड जवळजवळ कळसूबाईच्या उंचीवर आणि मॅक्लोडगंज त्याच्याही वर. लोक काय करतात, मॅक्लोडगंजला हॉटेल घेतात कारण तेच नाव ऐकलेलं असतं, आणि मग रोज सकाळी नाश्ता बिश्ता करून १० वाजता खाली देवीला निघतात. १२ वाजता ज्वालाजीच्या लाइनीत उभे, डोक्यावर ऊन, चपला बाहेर काढलेल्या, पायाला चटके, आणि संध्याकाळी परत वर चढताना मॅक्लोडगंजच्या ट्रॅफिकमध्ये तास-दीड तास. हे मी स्वतः २२ लोकांना घेऊन केलंय, मे महिन्यातला शनिवार होता, शेवटचे दोन किलोमीटर सगळे चालत गेलो आणि एक काका पुढे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बरोबरच होतं त्यांचं.

म्हणून मुक्काम मधल्या पट्ट्यात करा. खालची धर्मशाळा किंवा सिद्धबाडी, सिद्धपूर हा भाग. इथे रात्री बरं गार असतं, रस्ता सपाट आहे, मागे धौलाधार हा बर्फाचा डोंगर अगदी अंगावर येतो. बाकी हिमालयात बर्फाचे डोंगर लांबून दिसतात, मधे चार रांगा असतात, इथे तसं काही नाही, खोऱ्यातून सरळ साडेचार हजार मीटरपर्यंत भिंत उभी. पण हे सकाळी. दुपारी ढग येतात आणि सगळं पुसून टाकतात, त्यामुळे सकाळी चहा बाहेर घ्या, साडेपाच-सहाला, अंथरुणात नाही.

यायचं कसं ते सांगतो. नाशिकवाल्यांना एक फायदा आहे, मनमाड. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस मनमाडवरून जाते, संध्याकाळच्या सुमाराला, आणि दुसऱ्या दिवशी रात्री अमृतसर. नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याला जाऊन येणारे शीख भाविक या गाडीत भरपूर असतात, त्यामुळे वाटेत स्टेशनांवर लंगर मिळतो, सोबत एखादं ताट-वाटी ठेवा, नाहीतर लोक वाढायला येतात आणि आपण प्लास्टिकची पिशवी पुढे करतो, बरं दिसत नाही. अमृतसरला रात्री झोपा, पहाटे उठून सुवर्णमंदिर करा, ८ पर्यंत मोकळे व्हाल. येताना पठाणकोटहून झेलम एक्सप्रेस पकडा, तीही मनमाडला सोडते. विमानाचं म्हणाल तर गग्गलला एअरपोर्ट आहे, धर्मशाळेच्या अगदी खाली, पण रनवे छोटा, विमानं छोटी, हवा बिघडली की फ्लाइट कॅन्सल. पुढचं कनेक्शन दिल्लीहून असेल तर म्हाताऱ्या माणसांना घेऊन हा जुगार खेळू नका.

अमृतसरहून धर्मशाळा साधारण २०० किलोमीटर. सरळ जाऊ नका. बटाल्याच्या बाजूला घुमान नावाचं गाव आहे, थोडी वाट वाकडी होते पण तिथे थांबा. आपले नामदेव महाराज आयुष्याची शेवटची बरीच वर्षं तिथे राहिले, गुरुद्वारा आहे त्यांच्या नावाचा, गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. २०१५ चं ८८ वं साहित्य संमेलन तिथेच झालं, तेव्हापासून त्यांना मराठी माणूस नवीन नाही. आमच्या ग्रुपमध्ये एकदा पंढरीच्या वारीला जाणाऱ्या एक मावशी होत्या, त्यांनी तिथे बसून 'नामा म्हणे' असा एक अभंग म्हटला आणि तिथल्या सेवादार बाबांनी त्यांना उठूच दिलं नाही, आणखी म्हणा म्हणाले. आम्हाला धर्मशाळेला पोचायला रात्रीचे ९ झाले, कुणी तक्रार केली नाही.

आता देवी. सासूबाईंसाठी मी सोपं ते अवघड असं सांगतो, कारण गुडघा महत्त्वाचा.

चामुंडा सगळ्यात सोपी. धर्मशाळेपासून १५ किलोमीटर, गाडी जवळपर्यंत जाते, नदीकाठी मोकळं आवार आहे. पूर्ण नाव चामुंडा नंदिकेश्वर धाम, देवीच्या मागे मोठ्या शिळेखाली गुहेत शिवलिंग आहे, तिथे वाकून जावं लागतं, सासूबाईंनी बाहेरूनच नमस्कार केला तरी चालेल. शेजारी स्मशान आहे, काहींना ते बघून कसंतरी होतं म्हणून आधीच सांगतो, ते तिथे पूर्वीपासून आहे आणि देवीच्या स्वभावाला धरूनच आहे. हे संध्याकाळी करा, पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळ आरामाची ठेवून. वरती डोंगरात आदी हिमानी चामुंडा म्हणून मूळ स्थान सांगतात, तो दिवसभराचा ट्रेक आहे, ड्रायव्हर सुचवेल, नाही म्हणा.

बैजनाथ पण सोपं, त्याचं पुढे सांगतो.

कांगडा गावातली ब्रजेश्वरी, जिला नगरकोटची देवी म्हणतात, तिथे बाजाराच्या गल्लीतून चढत चालावं लागतं, दोन्ही बाजूला चुनरी-बांगड्यांची दुकानं, म्हणजे आपल्या तुळजापूरची आठवण होते. चढ दमवणारा आहे पण दर वीस पावलांवर दुकानाची पायरी आहे, बसत बसत जाता येतं, दुकानदार काही बोलत नाहीत. या देवळाची गोष्ट मुलांना सांगा. इथली संपत्ती एवढी गाजलेली होती की १००९ मध्ये गझनीचा महमूद लुटायला आला. पुन्हा उभं राहिलं, पुन्हा लुटलं, आणि मग ४ एप्रिल १९०५ ला सकाळी भूकंप झाला, त्यात देऊळ तर पडलंच, पण एकूण साधारण २० हजार माणसं गेली. आत्ता दिसतं ते त्यानंतर बांधलेलं, त्यामुळे कळस वगैरे बघून 'हे तर नवीनच आहे' असं म्हणू नका, पिंडी जुनीच. संक्रांतीला त्या पिंडीला लोण्याचा जाड लेप देतात, आठवडाभर ठेवतात आणि मग ते लोणी प्रसाद म्हणून वाटतात, खायला नाही, त्वचेच्या दुखण्यावर लावायला नेतात लोक.

भूकंपाचं पुढे जागोजागी भेटेल तुम्हाला. पडकी भिंत दिसली आणि कधीची म्हणून विचारलं की निम्म्या वेळा उत्तर १९०५ असतं. चहाच्या मळ्यांचंही तेच, साहेब लोकांचे मळे होते, भूकंपात कारखाने आणि माणसं गेली, उरलेल्यांनी विकून टाकले.

आणि ज्वालाजी. हे मात्र नीट करायचं. कांगड्याहून ३५ किलोमीटर, धर्मशाळेहून पन्नासच्या वर, म्हणून पहाटे साडेचारला निघा. हो, साडेचार, पोरं कुरकुर करतील, गाडीत झोपू द्या. गावातून देवळापर्यंत चढती गल्ली आणि वर पायऱ्या, वर पत्र्याचं छत आहे बऱ्याच ठिकाणी पण चढ आहेच. सकाळी ७ च्या आत दर्शन झालं तर ऊन, गर्दी, दोन्ही टळतं. मूर्ती नाही इथे. खडकाच्या भेगांतून निळसर ज्योती येतात, जमिनीतून येणारा वायू आहे, तो पेटता राहतो, अशा नऊ ज्योती नऊ देवींच्या नावाने मानतात. सतीची जीभ इथे पडली अशी कथा, ज्योत म्हणजे जीभ. १५ वर्षांच्या मुलाला गॅसचं सांगा, सासूबाईंना जिभेचं, दोघांनाही पटेल, मला स्वतःला तिथे उभं राहिलं की दोन्ही पटतं. अकबराने सोन्याचं छत्र आणलं आणि ते देवीने स्वीकारलं नाही, धातूच बदलला अशी कथा तिथे प्रत्येक जण सांगतो, छत्र दाखवतातही. घुमटावर सोनं चढवलं ते महाराजा रणजितसिंहांनी. वर गोरख डिब्बी आहे, कुंडात पाणी खदखदताना दिसतं आणि हात घातला तर गार, पोरांना तेच आवडतं.

नवरात्रात, चैत्र असो की अश्विन, ज्वालाजीला जाऊ नका. आणि एक तिसरं नवरात्र आहे जे आपल्याकडे कुणाला माहीत नसतं, श्रावण शुद्ध पक्षातलं, तेव्हा पंजाबातून ट्रक भरभरून लोक येतात. मी एकदा अजाणता त्या अष्टमीला पोचलो होतो, लाइन गावाच्या बाहेर. तुम्ही मे मध्ये जाताय म्हणजे हे लागू नाही, पण रविवार मात्र टाळा.

देवळातल्या दक्षिणेचं एकदाच सांगून ठेवतो. काही देवळांत गाभाऱ्याच्या तोंडाशी कुणीतरी हातात मौली, म्हणजे लाल दोरा, बांधतो, नाव-गोत्र विचारतो, आणि मग आकडा सांगतो. एका देवळात आमच्या एका आजींकडून असेच ११०० घेतले, आजींना वाटलं हे द्यावंच लागतं. द्यावं लागत नाही. हात मागे घ्या, 'जय माता दी' म्हणा, पुढे सरका. दानपेटीत काय घालायचं ते घाला. ओटी भरायची सासूबाईंची इच्छा असेल तर खण-तांदूळ इथूनच न्या, तिथे चुनरी-नारळाची पद्धत, पण कुणी अडवत नाही, फक्त नारळ फोडायचा नसतो, अख्खा द्यायचा किंवा परत मिळतो.

ज्वालाजीहून १० वाजता निघून येताना ब्रजेश्वरी केली तर दोन्ही एका दिवसात होतात, पण मग दुपारी दीड-दोनला हॉटेलवर परत, जेवण, झोप. संध्याकाळी काही ठेवू नका. सासूबाई थकल्या असतील तर ब्रजेश्वरी सोडा आणि वेगळ्या दिवशी सकाळी जा, धर्मशाळेहून १८ किलोमीटर तर आहे. आणि हो, कांगड्याजवळ टांड्याला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, मोठं आहे, त्याचा रस्ता ड्रायव्हरला माहीत असतो, सासऱ्यांच्या गोळ्यांची यादी आणि जुना ईसीजी मोबाईलमध्ये ठेवा. मला १७ वर्षांत दोनदा लागलं ते.

आता कांगड्यातली माझी सगळ्यात आवडती जागा, मसरूर. कांगड्याहून तीसेक किलोमीटर. एकाच वालुकाश्माच्या टेकडीतून कोरून काढलेला देवळांचा समूह, साधारण आठव्या शतकातला, म्हणजे आपल्या वेरूळच्या कैलासाच्या आसपासचा काळ. तुम्ही नाशिकवाले, वेरूळ तुम्हाला घरचं, म्हणून तुम्हाला इथे जे दिसेल ते दिल्लीवाल्याला दिसणार नाही. तिकडे टणक काळा बेसॉल्ट, धार अजून शाबूत, इकडे वालुकाश्म, पावसाने झिजलेला, साखर विरघळल्यासारख्या मूर्ती. काम पूर्ण झालेलं नाही, मधेच थांबलं, आणि उरलेलं भूकंपाने हलवलं. समोर चौकोनी तळं आहे, त्यात देवळांचं प्रतिबिंब पडतं आणि तळ्यापलीकडे धौलाधार. पंधरा-वीस माणसं असतात फार तर. देवीच्या यादीत हे येत नाही म्हणून एजंट घालत नाहीत, तुम्ही सांगून घालून घ्या. चार-पाच पायऱ्या सोडल्या तर सपाट गवत आहे, सासूबाईंना बसायला छान. कांगड्याच्या किल्ल्याला मात्र चढ भरपूर, तिथे तुम्ही चौघं जा. कटोच राजांचा किल्ला, १६२० मध्ये जहांगीरने घेतला, पुढे संसारचंदने परत मिळवला, १८०९ मध्ये रणजितसिंहांकडे गेला आणि मग इंग्रज. वरून दोन नद्यांचा संगम दिसतो.

मॅक्लोडगंजला राहायचं नाही म्हटलं, जायचं नाही असं नाही. सोमवार ते गुरुवार यातला एक दिवस ठेवा, शुक्रवार संध्याकाळपासून पंजाब-हरयाणा-दिल्लीच्या गाड्या सुरू होतात आणि ते छोटंसं गाव गच्च होतं. आणि गाडीने जाऊ नका, खालच्या धर्मशाळेतून रोपवे आहे, २०२२ मध्ये सुरू झाला, तो थेट वर दलाई लामांच्या देवळाजवळ सोडतो. काही मिनिटांत. गुडघ्याला आणि डोक्याला दोन्हीला त्रास नाही.

दलाई लामा १९५९ मध्ये भारतात आले, १९६० पासून इथे. ते असतीलच असं नाही, उन्हाळ्यात बरेचदा लडाखला असतात, आणि असले तरी भेट वगैरे होत नाही, जाहीर प्रवचन असेल तर आधी नोंदणी करून बसता येतं. तसं जुळून आलं तर छोटा एफएम रेडिओ आणि इयरफोन न्या, ते तिबेटीत बोलतात, भाषांतर एफएमवर लागतं, हे माहीत नसलं की माणूस दोन तास नुसता बसून येतो. प्रवचन नसलं तरी देवळाभोवतीची कोरा करा, म्हणजे प्रदक्षिणा, आपल्यासारखीच उजवीकडून, डोंगराच्या कडेने झाडीतली वाट, पताका, मंत्र कोरलेले दगड. हलकासा उतार-चढ आहे, बाकं आहेत. तिबेटी आज्या हातात माळ घेऊन रोज फिरतात, आजीला त्यांच्यात मोमोला म्हणतात, आमच्या ग्रुपमधल्या पोरांना हे कळल्यावर मोमो खाताना हसून हसून वाट. एकदा आमच्या एक आजी तुळशीची माळ घेऊन बाकावर बसल्या होत्या, शेजारी एक मोमोला येऊन बसली, दोघींनी एकमेकींच्या माळा हातात घेऊन मणी मोजून बघितले. दोघींच्याही १०८. भाषा कुठलीच जुळत नव्हती, अर्धा तास बसल्या होत्या.

भागसूनागचं देऊळ आणि धबधबा लोक सांगतील. देऊळ करा, धबधब्याची वाट मे मध्ये जत्रा असते आणि पाणी बेताचं. आणि कुठल्याही ओढ्यात, त्याला तिकडे खड्ड म्हणतात, मुलांना उतरू देऊ नका, वरती पाऊस झाला तर खाली कळत नाही. २०२१ च्या जुलैमध्ये भागसूच्या नाल्याला असा लोंढा आला की लावलेल्या गाड्या वाहून गेल्या. त्रिउंडचा ट्रेक साधारण २८५० मीटरपर्यंत आहे, १५ चा मुलगा आणि बाबा एका दिवसात जाऊन येऊ शकतात, पहाटे निघून गल्लू देवीपासून चढायचं, हवा बघून, आणि हवामान खराब असलं की प्रशासन बंद करतं तेव्हा हुशारी करायची नाही. १२ वाल्याला गल्लूपर्यंत न्या, पुढे तो ठरवेल. विरळ हवेची भीती सासऱ्यांना वाटतेय असं तुम्ही लिहिलंय, या उंचीवर तसा त्रास होत नाही, दम लागतो तो चढाचा.

सहाव्या दिवशी सामान उचला आणि पालमपूरकडे सरका. पस्तीसेक किलोमीटर. दोन्ही बाजूला चहा. कांगडा चहाला २००५ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण आपल्या पद्धतीने दूध-साखर-आलं घालून उकळू नका, फिका असतो तो, नुसता पाण्यात पितात, सासऱ्यांना आवडणार नाही हे आत्ताच सांगतो. पालमपूरजवळच्या डाढ गावचे मेजर सोमनाथ शर्मा, पहिले परमवीरचक्र, १९४७, बडगामची लढाई. आणि त्या पदकाचं डिझाइन केलं सावित्रीबाई खानोलकरांनी, जन्माने युरोपियन, लग्नाने मराठी, आणि योगायोग बघा, त्यांच्या मुलीचे दीर म्हणजेच हे मेजर सोमनाथ. पालमपूरच्या चौकात उभं राहून हे मुलांना सांगायला मला फार आवडतं.

बैजनाथ पालमपूरहून १६ किलोमीटर. तुम्ही परळीला गेलेल्या असाल तर इथे पोचल्यावर घरात वाद होणार, खरं वैद्यनाथ कोणतं. परळीचं, देवघरचं की हे. रावण शिवलिंग घेऊन निघाला आणि वाटेत खाली ठेवलं ही कथा इथेही आहे. दसऱ्याला बैजनाथमध्ये रावण जाळत नाहीत, शिवाचा एवढा मोठा भक्त, त्याला कसं जाळायचं म्हणतात. वाद घालू नका, देऊळ बघा. १२०४ सालचं, आहुक आणि मन्युक नावाच्या दोन व्यापारी भावांनी बांधलेलं, तसा शिलालेख आतच आहे, शारदा लिपीत, गावाचं नाव त्यात कीरग्राम आहे. राजाने नाही, व्यापाऱ्यांनी बांधलंय, हे मला विशेष वाटतं. भूकंपातही हे उभं राहिलं. सावनातल्या सोमवारी इथे गर्दी उसळते, आणि त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या आधी लागतो, पुढे कधी त्या दिवसांत यायचं ठरलं तर आपलं कालनिर्णय बघून तारीख काढू नका.

तिथून बीर जवळच. बिलिंगवरून उडायचं, साधारण २४०० मीटर, उतरायचं खाली बीरला. २०१५ मध्ये इथे पॅराग्लायडिंगचा वर्ल्ड कप झाला होता. १५ जुलै ते १५ सप्टेंबर बंद असतं, मे मध्ये चालू. पायलटचं लायसन्स मागून बघा, लाजू नका, सकाळच्या हवेत उडा, आणि वारा बघून कुणी 'आज नको' म्हणाला तर त्याच माणसाकडे उद्या परत जा, तोच चांगला. जो पैसे कमी करतो आणि घाई करतो त्याच्याकडे नाही. अपघात झालेले आहेत, माणसं गेलेली आहेत, हे मुलांनाही माहीत असू दे. सासू-सासऱ्यांना वर बिलिंगला नेऊ नका, लँडिंगच्या मैदानावर चहा घेऊन बसवा, नातवंडं आकाशातून उतरताना बघण्यातच त्यांचा आनंद.

टॉय ट्रेनचं विचारलंत. पठाणकोट ते जोगिंदरनगर, १९२९ ची, १६४ किलोमीटर, शानन वीजप्रकल्पाचं सामान न्यायला बांधलेली, आणि बोगदे फक्त दोन, बाकी सगळं डोंगराच्या कलाने वळत वळत. पण २०२२ च्या ऑगस्टमध्ये चक्की नदीवरचा पूल पुरात पडला आणि तेव्हापासून कुठला तुकडा चालू, कुठला बंद हे दर पावसाळ्यानंतर बदलत आलंय. म्हणून प्रवासासाठी धरू नका. आदल्या संध्याकाळी पालमपूर स्टेशनवर विचारा, गाडी असेल तर बैजनाथ पपरोलापर्यंतचा तेवढाच तुकडा करा, टॅक्सीला सामान घेऊन पुढे पाठवा.

जेवणाचं, राजमा-चावल आणि डाळ सगळीकडे मिळते म्हणजे वरणभाताची सोय झाली. कांगडी धाम मात्र सोडू नका, हॉटेलात थाळी म्हणून मिळते पण खरी धाम लग्नातली, पंगतीत, पत्रावळीवर, बोटी म्हणजे तिथले आचारी ब्राह्मण पितळी भांड्यांत शिजवतात, दह्यातला मदरा, उडदाची डाळ, आंबट, शेवटी गोड भात. मे मध्ये लग्नसराई असते, तुमचा ड्रायव्हर तिकडचाच असेल तर त्याच्या गावात कुठेतरी लग्न असतंच, आम्हाला दोनदा आमंत्रण मिळालंय. सासूबाईंचा चतुर्थीचा उपास येत असेल तर साबुदाणा आणि दाण्याचं कूट घरून न्या. उत्तरेत शेंगदाणा कूट मागितलं की लोक तोंडाकडे बघतात.

बुकिंगचं म्हणाल तर रेल्वे तिकीट खुलं झालं त्याच दिवशी काढा. गाडी एकच, पठाणकोट किंवा अमृतसरची, पूर्ण ८ दिवसांसाठी, आणि ती डिझेलची, सहा जणांना सामानासकट पुरेल अशी, कॅरिअरवर बॅगा बांधून नाही. ठरवताना त्याला हे आधी विचारा: पहाटे साडेचारला निघशील का. तो हो म्हणाला तर पुढचं बोला.